साडेतीनशे तास रियाज झाला, सूर मात्र लागेना : एका विद्यार्थिनीचं प्रकरण

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात गाण्याची वही नव्हती, रियाजाची डायरी होती. नऊ महिन्यांची. रोजची तारीख, किती वाजता बसले, किती वाजता उठले आणि शेवटी एकूण मिनिटं. मधले वीस-बावीस दिवस सोडले तर एक खाडा नाही, आणि रोजचा दीड तास धरला तर हिशोब साडेतीनशे तासांच्या वर जात होता. डायरी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सर, एवढं करूनही मी बेसूरच गाते. घरचे बोलत नाहीत पण मला चेहऱ्यावरून कळतं. खरं सांगा, माझ्या गळ्यात सूर आहे की नाही?"

वय ४४. लहानपणी गाणं शिकल्या नव्हत्या, पण ऐकलं भरपूर होतं. नोकरी नव्याने लागलेल्या लोकांना ट्रेनिंग द्यायची, म्हणजे दिवसाला चार-पाच तास सलग बोलणं. आधी एका ग्रुप क्लासला जायच्या, तिथे दहा-बारा जणी एकत्र एकाच पट्टीत, म्हणजे सा एकाच उंचीवर धरून, गायच्या. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितोय, नाव-गाव गाळून. लिहायचं कारण असं की "किती दिवसांत गाणं येईल" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, या प्रकरणात ते बरंचसं दिसतं. आणि मधे माझंही एक चुकलं, तेही सांगायचंय.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, जे येतं ते गा. त्यांनी मोबाईल काढला, ट्रॅक लावायला लागल्या. मी म्हटलं ट्रॅक नको, नुसता तानपुरा घ्या. तर थांबल्याच. "ट्रॅकशिवाय मी कधी गायलेच नाहीये सर." मग पेटी पुढे ठेवली, म्हटलं भूप रागाचे आरोह-अवरोह, म्हणजे चढते-उतरते स्वर, म्हणा, आणि इथे मला पहिली खूण सापडली. त्यांचं बोट आधी पडायचं, पेटीचा सूर आधी वाजायचा आणि गळा त्याच्या मागून, अगदी पाव सेकंदाने का होईना, पण मागून तिथे जायचा. प्रत्येक स्वराला. म्हणजे नऊ महिन्यांत "पुढचा सूर कुठे आहे" हे त्यांच्या कानाला एकदाही स्वतः ठरवावं लागलं नव्हतं, पेटीने किंवा ट्रॅकने आधीच सांगून टाकलेलं असायचं. आधार काढला की गळा अंधारात.

मग मी तीन साध्या गोष्टी करून बघितल्या. एक, दोन स्वर वाजवायचे आणि दुसरा वर गेला का खाली ते सांगायचं. दहापैकी दहा बरोबर, अगदी जवळजवळचे स्वरसुद्धा. दोन, तानपुऱ्याचा सा ऐकून, थोडं थांबून, मगच तो गुणगुणायचा. इथे पाचपैकी तीनदा खाली. तीन, त्यांचंच गाणं रेकॉर्ड करून त्यांना ऐकवलं. ऐकता ऐकता त्या स्वतःच सांगायला लागल्या, "इथे ध चढलाय, इथे सा वर परत येताना खालीच राहिले", आणि एकही जागा चुकीची सांगितली नाही. मी वही बंद केली आणि म्हटलं, ताई, तुमच्या कानात काही दोष नाही.

हे जरा नीट सांगतो कारण "मला सूरच कळत नाही" म्हणून गाणं सोडलेले कितीतरी लोक मी बघितलेत. सुरांमधला फरक खरोखर न कळणं ही जन्मजात अडचण असते, पण ती शंभरात एक-दोन जणांनाच. बाकी जे बेसूर गातात त्यातल्या बहुतेकांचा कान ठीक असतो, ऐकलेलं गळ्याने नेमकं करणं जमत नसतं. ही हाताने सरळ रेघ काढण्यासारखी गोष्ट आहे, रेघ वाकडी आलेली डोळ्याला दिसते पण हात अजून बसलेला नसतो. त्यात गाण्याची आणखी एक पंचाईत म्हणजे स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो, म्हणून आतून ऐकू येणारा आवाज जाड आणि भरीव वाटतो आणि रेकॉर्डिंगमधला पातळ आणि परका. वर पेटी मोठ्याने चालू असेल तर आपण आपल्या आवाजाऐवजी पेटीचाच सूर ऐकत राहतो आणि तोच आपला समजतो. या बाईंनी नऊ महिने अतिशय प्रामाणिकपणे पेटी ऐकली होती.

दुसरी खूण पट्टीची. ग्रुप क्लासमध्ये सगळ्यांचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, म्हणजे काळी पाच, म्हणून यांचीही काळी पाच. मी खालून वर, वरून खाली गाऊन घेतलं तर यांचा गळा काळी तीनला मोकळा व्हायचा. फरक चार अर्ध्या स्वरांचा. ऐकायला थोडा वाटतो, पण काळी पाचमध्ये तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला ग गायचा म्हणजे स्वरतंतू सेकंदाला साधारण ५८७ वेळा एकमेकांवर येऊन आपटणार, काळी तीनमध्ये तोच ग ४६६ला. दिवसभर बोलून थकलेल्या गळ्याने रात्री दहाला तो वरचा ग गाठायचा म्हणून त्या हनुवटी वर करायच्या, मानेच्या शिरा ताणायच्या आणि आवाज ढकलायच्या. आणि ढकललेला सूर चढतो तरी किंवा निम्म्यात पडतो तरी. पट्टी बदलायला त्या पटकन तयार झाल्या नाहीत, त्यांना वाटलं मी त्यांना खालच्या इयत्तेत बसवतोय. मला दोन तास समजवावं लागलं की पट्टी म्हणजे तुमच्या पायाच्या मापाची चप्पल, त्यात मोठेपणा-लहानपणा नाही.

मग ठरलं ते असं. दीड तास बंद. सकाळी कामाला जायच्या आधी पंचवीस मिनिटं, तेवढीच. पेटी कपाटात. ट्रॅक बंद. फक्त तानपुरा, तोही हळू, स्वतःच्या आवाजाच्या खाली राहील इतका. आणि पहिले तीन आठवडे फक्त सा.

नाराजी अर्थातच झाली. नऊ महिने शिकलेल्या माणसाला फक्त सा लावायला सांगणं म्हणजे त्याला शून्यावर नेल्यासारखं वाटतं आणि मला त्यांचं दुःख कळत होतं. पण करायचं काय ते मी नेमकं सांगितलं होतं. आधी चार श्वास नुसतं ऐकायचं. मग सूर मनात लावायचा, गळा बंद ठेवूनच. मनात दिसला की मगच आकारात, म्हणजे 'आ' करून, बाहेर काढायचा, आणि काढल्यावर आवाज डोलतोय का ते ऐकायचं. हे डोलणं म्हणजे काय, तर दोन सूर अगदी जवळ असले पण एक नसले की त्यांच्या बेरजेतून आवाज कमी-जास्त, कमी-जास्त होत राहतो. काळी तीनचा सा साधारण १८५ हर्ट्झला असतो, तुम्ही १८७ला गायलात तर सेकंदाला दोन हेलकावे. जवळ जाल तसा हेलकावा मंद होत जातो आणि बरोबर लागला की थांबतो. हे मोजायला कुठलं यंत्र लागत नाही, कान लागतो आणि शांतता लागते.

अकराव्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांचा मेसेज आला, "सर आज तानपुरा गायबच झाला." मला फार आनंद झाला, कारण सूर लागल्याचं याहून नेमकं वर्णन नाही. आवाज तानपुऱ्यात इतका मिसळतो की दोन वेगळे ऐकूच येत नाहीत. साडेतीनशे तासांत जे झालं नव्हतं ते चार-साडेचार तासांत झालं. अर्थात आधीचे तास अगदीच वाया गेले असं मी म्हणणार नाही, श्वास थोडा लांबला होता, बंदिशी पाठ होत्या, रोज बसायची सवय होती आणि ती सवय लागायला लोकांना वर्ष जातं.

सा नंतर पंचम, म्हणजे प, घेतला, तो चार-पाच दिवसांत बसला. मग गंधार, म्हणजे ग, आणि इथे आम्ही जवळजवळ तीन आठवडे अडकलो. ही गोष्ट पेटीवर शिकलेल्या प्रत्येकाची आहे म्हणून जरा सविस्तर. चांगला जुळलेला तानपुरा शांतपणे ऐकला तर कोणी न वाजवता त्यातून गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सा च्या तारेतच पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा बारीक सूर, म्हणून तो असतो, तारेचा झंकार म्हणजे जवारी उघडलेली असली की जास्त स्पष्ट. आता हा गंधार आणि पेटीचा गंधार एक नाहीत. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा ग ४०० वर येतो, आणि तानपुऱ्यातला साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. ताईंच्या गळ्यात नऊ महिने पेटीचा ग मुरलेला, तो तानपुऱ्यावर लावला की टोचायचा. त्यांना टोचणं कळायचं पण कारण कळायचं नाही, मग त्या आणखी जोर लावायच्या.

त्यात भर म्हणजे त्यांनी मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. काटा मधे आला की हिरवा. एक दिवस तानपुऱ्यावर सुंदर ग लागला, मला ऐकताना अंगावर काटा आला, आणि यांनी डोळे उघडून मोबाईलकडे बघितलं आणि सूर बदलला, का तर ॲप म्हणत होतं उतरलाय. ॲप चुकत नव्हतं, ते पेटीच्याच मापाने मोजत होतं. त्या दिवशी मी ॲप काढायला लावलं. अशा ॲपला माझा सरसकट विरोध नाही, कोणाला आपण फार लांब आहोत का एवढं बघायचं असेल तर बघावं, पण डोळ्याने सूर लावायची सवय लागली की कान पुन्हा मागच्या बाकावर जातो.

याच काळात त्यांनी दहा हजार तासांची गोष्ट काढली. कुठेतरी वाचलं होतं, हिशोबही करून आणला होता. रोज दीड तास धरला तर अठरा वर्षं, म्हणजे वयाच्या बासष्टाव्या वर्षी. आता रोज पंचवीस मिनिटंच म्हटल्यावर तर विचारायलाच नको. चेहरा उतरला होता. मी म्हटलं, तो आकडा १९९३च्या एका अभ्यासातून आलाय, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या. त्यातल्या सगळ्यात चांगल्या गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेल्या सरावाचा अंदाज सरासरीने दहा हजारांच्या आसपास निघाला होता. सरासरी, म्हणजे बऱ्याच जणांचा कमीच. दहा हजार झाले की दार उघडतं असं त्यात कुठेच नव्हतं. आणि ते तास नुसतं वाजवत बसण्याचे नव्हते, काय सुधारायचंय ते ठरवून, चूक पकडून, परत करून बघण्याचे होते. शिवाय ती व्यावसायिक वादक व्हायच्या वाटेवरची मुलं. तुम्हाला तानपुऱ्यावर वीस मिनिटं भूप सुरात गायचाय. दोन्हीचा हिशोब वेगळा.

त्या दिवसापासून डायरीतला मिनिटांचा रकाना काढला. त्याजागी एक वाक्य. आज काय ऐकलं. रियाजाच्या शेवटी एक मिनिट रेकॉर्ड करायचं, लगेच ऐकायचं नाही, संध्याकाळी ऐकायचं आणि मग लिहायचं. त्यातली काही वाक्यं माझ्याकडे आहेत. "इ वर गेले की सूर चढतो, आ वर ठीक." "श्वास संपत आला की सा खाली जातो." "वरून खाली येताना रे विसरल्यासारखा होतो." असं वाक्य लिहिणाऱ्या माणसाला शिकवणं किती सोपं जातं ते शिकवणाऱ्यालाच कळेल, माझं निम्मं काम त्यांनीच केलेलं असायचं.

माझी चूक

चौथ्या महिन्यात त्यांना सर्दी झाली, घसा बसला. मी आधीपासून सगळ्यांना सांगत आलो होतो की काहीही झालं तरी खाडा करायचा नाही, आणि यांनाही सांगितलं होतं. मिनिटांचा रकाना मी काढला पण खाडा न करण्याचा धाक तसाच ठेवला. त्यांनी तो शब्दशः पाळला. बसलेल्या घशाने पाच दिवस रियाज केला, कामावर बोलणं चालूच, आवाज येत नाही म्हणून कुजबुजून बोलल्या. कुजबुजल्याने घशाला आराम मिळतो असं वाटतं, पण बऱ्याच जणांच्या घशावर उलट ताण येतो. सहाव्या दिवशी आवाज जवळजवळ बंद.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं. सुदैवाने गाठी नव्हत्या, फक्त सूज होती. तीन आठवडे गाणं बंद, बोलणं कमीत कमी. हे माझ्यामुळे झालं असं मी त्यांना सांगितलं आणि तेव्हापासून माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी नियम बदलला, घसा दुखत असेल किंवा आवाज फाटत असेल तर त्या दिवशी गळ्याचा रियाज नाही म्हणजे नाही, आणि कुठलंही कारण नसताना आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठायचा. पाणी प्यायचं ते दिवसभर थोडं थोडं, गायच्या दोन मिनिटं आधी घटाघट पिऊन उपयोग नाही कारण पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही, ते अन्ननलिकेतून जातं आणि शरीरात मुरल्यावर त्याचा ओलावा तिथे पोचतो.

पण त्या तीन आठवड्यांत एक वेगळीच गोष्ट घडली. गाता येत नाही तर करायचं काय म्हणून मी त्यांना हातावर ताल दिला. तीनताल, सोळा मात्रा, टाळी एक, पाच आणि तेराला, नऊला खाली म्हणजे टाळी न देता हात बाजूला, आणि मनातल्या मनात बंदिश म्हणायची. तोंड बंद. मग बंदिश मनात म्हणत असताना मधेच थांबायचं आणि कितवी मात्रा ते सांगायचं. रोज एकच रेकॉर्डिंग ऐकायचं, तेही दहा मिनिटंच, पण चार वेळा. तीन आठवड्यांनी गळा उघडला तेव्हा आवाज नाजूक होता पण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणं असं काही पक्कं झालं होतं की मी तबल्याच्या ठेक्याची लय वाढवली तरी हलेना. नऊ महिन्यांत लयीचं काही झालं नव्हतं कारण तिथेही ट्रॅक हात धरून चालवत होता.

आवाज परत आणताना घाई केली नाही. ओठ मिटून हुंकार, ओठांची फुर्रर्र, आणि बारीक स्ट्रॉमधून सूर काढणं. तोंडाचं दार थोडं बंद ठेवून गायलं की आतल्या दाबाचा स्वरतंतूंना आधार मिळतो आणि कमी ताणात ते कंप पावतात. पाच-सात मिनिटं एवढंच, मग मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातले सूर, मग सा.

सहावा ते दहावा महिना

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि खरं तर रियाजाचा मोठा भाग असाच असतो. अलंकार. सारेगम, रेगमप असे पलटे बराबरीच्या लयीत, म्हणजे मात्रेला एक स्वर. त्यांना दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, जायची घाई, मी जाऊ देत नव्हतो, कारण वेगात दोन स्वरांमधली घसरण झाकली जाते आणि ती तशीच पक्की होते. एका पलट्यात पाच वेळा सलग सगळे स्वर सुरात आले तरच लय अगदी थोडी पुढे न्यायची, चुकलं तर परत मागे. दोन महिने काहीच बदलत नाहीये असं त्यांना वाटत होतं. मलाही काही दिवस वाटलं. मग एका रविवारी त्यांनी पहिल्या दिवसाचं आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकलं आणि काही बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या. मीही थोडा वेळ गप्प बसलो.

आणखी एक बघितलं. आदल्या दिवशी कितीही प्रयत्न करून न बसलेली जागा दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सोपी झालेली असायची. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते हे आता चांगलं माहीत झालेलं आहे, आणि म्हणूनच रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजची पंचवीस मिनिटं मी कधीही घेईन. मधल्या रात्री मिळतात.

आज

चौदा महिने झाले. माझ्याकडचे रियाजाचे एकूण तास मोजले तर पावणेदोनशेच्या आत भरतील. तानपुऱ्यावर भूप वीस मिनिटं गातात, पेटीशिवाय. आलापात सूर स्थिर आहे. आता यमन सुरू केलाय, तीव्र म वर सध्या झगडा चालू आहे. ताना अजून जमत नाहीत, दुगुनीत आकार सैल होतो, आणि तार सप्तकात ग च्या वर गेलं की जुनी सवय परत येते, हनुवटी उचलली जाते. ही हनुवटी जायला आणखी वर्ष लागेल असा माझा अंदाज आहे आणि तसं मी त्यांना सांगितलंय. त्या "बरं" म्हणाल्या.

गेल्या गुरुवारी क्लासला आल्या. मी तानपुरा जुळवून ठेवला होता आणि दुसऱ्या एका मुलाची वही तपासत होतो. पहिले काही महिने त्या बसल्या बसल्या विचारायच्या, "सर, जुळलाय ना?" यावेळी तानपुरा मांडीवर घेतला, चारही तारा दोनदा छेडल्या, मान थोडी तिरकी केली आणि म्हणाल्या, "सर, पंचम जरासा उतरलाय." मी वही बाजूला ठेवून ऐकलं. उतरला होता. त्यांनी हात पुढे करून तारेतला सूर जुळवायचा मणी अगदी थोडा सरकवला, परत ऐकलं आणि सा लावला.